तारखेच्या आधीचं वर्ष

मित्रहो, सरकारी मंडळ काढणं अवघड नसतं. एक आदेश निघतो, अध्यक्ष नेमला जातो, कार्यालय मिळतं, काम सुरू होतं. ते बंद करायची वेळ मात्र सहसा येतच नाही. बंद करा म्हणणाऱ्याच्या पदरात काही पडत नाही आणि चालू ठेवा म्हणणाऱ्यांचं बरंच काही त्यात गुंतलेलं असतं. हर्बर्ट कॉफमन या अमेरिकन अभ्यासकानं तिथल्या केंद्र सरकारातल्या १९२३ सालच्या १७५ संस्था निवडून पाहिल्या. पन्नास वर्षांनी, १९७३ मध्ये, त्यांतल्या १४८ टिकून होत्या. मधल्या काळात महामंदी आली, महायुद्ध झालं, देश बदलला. संस्था राहिल्या.

१९७० च्या दशकात अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात 'कॉमन कॉज' या नागरिक संघटनेनं एक साधी मागणी लावून धरली. मंडळाच्या कायद्यातच त्याच्या शेवटाची तारीख घाला. विधिमंडळानं नव्यानं ठराव केला तर मंडळ राहील, नाही केला तर आपोआप जाईल. म्हणजे पुरावा देण्याची जबाबदारी बंद करा म्हणणाऱ्यावर नाही, चालू ठेवा म्हणणाऱ्यावर. १९७६ मध्ये कोलोरॅडोनं हा कायदा केला, आणि पाच-सहा वर्षांत कोलोरॅडो धरून ३६ राज्यांत असा कायदा झाला. याला सनसेट कायदा म्हणतात.

पुढे काय झालं? बऱ्याच राज्यांचा उत्साह ओसरला. काहींनी कायदा रद्द केला, काहींनी गुंडाळून ठेवला. नॉर्थ कॅरोलिनानं तर १९८१ मध्येच तो मागे घेतला. आमदारांचा वेळ फार जायचा, पैसा फारसा वाचायचा नाही, आणि बंद व्हायची ती लहानसहान मंडळं. शिवाय सुनावणीला यायचं कोण? ज्यांच्या धंद्याचा परवाना त्या मंडळाकडे असतो ते. त्या परवान्यामुळे ज्याला जास्त पैसे मोजावे लागतात, तो सामान्य माणूस सुनावणीला येत नाही. त्याला तिचा पत्ताच नसतो.

टेक्ससनं १९७७ मध्ये हा कायदा केला आणि तिथे तो आजही जोमानं चालतो. यामागचं कारण नीट पाहण्यासारखं आहे. तिथे बारा जणांचा एक आयोग आहे: राज्याच्या वरच्या सभागृहाचे पाच सिनेटर, खालच्या सभागृहाचे पाच प्रतिनिधी आणि दोन सामान्य नागरिक. साधारण दर बारा वर्षांनी प्रत्येक मंडळाची पाळी येते. मंडळानं आधी स्वतःचा लेखाजोखा लिहून द्यायचा. मग आयोगाचा स्वतंत्र कर्मचारीवर्ग आत शिरतो, कागद तपासतो, तक्रार केलेल्या लोकांशी बोलतो आणि अहवाल जाहीर करतो. त्यावर खुली सुनावणी, मग आयोगाचा निर्णय, मग विधेयक. विचारायचे प्रश्न कायद्यातच लिहिलेले आहेत. या कामाची गरज अजून आहे का? दुसरं खातं हेच काम करतं का? तक्रारी वेळेत निकालात निघतात का? यापेक्षा कमी बंधनं घालून हेच साधेल का?

आजवर तिथे चाळीसहून अधिक संस्था थेट बंद झाल्या. मला मात्र हा आकडा त्या कायद्याचं खरं यश वाटत नाही. बहुतेक मंडळं राहतात, पण बदलून राहतात. कुणाचं काम दुसऱ्या खात्यात जातं, कुणाच्या नियामक मंडळावर बाहेरचे नागरिक बसतात, कुणाची तक्रार नोंदवण्याची पद्धत सुधारते. २००५ मध्ये केशकर्तन आणि ब्युटी पार्लरच्या व्यवसायाची दोन वेगळी मंडळं बंद करून त्यांचं काम एकाच परवाना खात्याकडे दिलं गेलं. बाहेरून हे किरकोळ दिसेल. परवान्यासाठी खेटे घालणाऱ्या माणसाला ते किरकोळ वाटत नाही.

मृत्यूची तारीख हे यातलं फक्त हत्यार आहे. काम होतं ते तारखेच्या आधीच्या वर्षात, त्या तपासणीत. तपासणी चांगली झाली आणि शेवटच्या क्षणी राजकारण अडलं, तर तीच तारीख नको तिथे पडते. २०१७ मध्ये डॉक्टरांच्या परवान्याचं टेक्सस मेडिकल बोर्डच मुदतीत वाचवायचं राहून गेलं आणि त्यासाठी विशेष अधिवेशन बोलवावं लागलं. २०१९ मध्ये प्लंबरांची पाळी आली. त्यांचं मंडळ बंद करून काम परवाना खात्याकडे द्यावं अशी शिफारस होती. सभागृहांत एकमत झालं नाही, अधिवेशन संपलं, आणि १ सप्टेंबरला प्लंबिंगच्या परवान्याचा कायदाच संपणार अशी वेळ आली. प्लंबर खवळले. शेवटी राज्यपाल ग्रेग अ‍ॅबट यांनी जूनमध्ये आदेश काढून मंडळ २०२१ पर्यंत टिकवलं. आधार काय घेतला? २०१७ च्या हार्वे चक्रीवादळानंतरच्या आपत्कालीन अधिकारांचा. मंडळ वाचलं याचा मला आनंद आहे, पण विधिमंडळानं द्यायचं उत्तर आपत्तीच्या अधिकारातून द्यावं लागणं ही वाईट गोष्ट आहे.

आता आपल्याकडे या. महाराष्ट्रात मुदत असलेली मंडळं आपण पाहिलेली आहेत. घटनेच्या कलम ३७१(२) खाली विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र अशी तीन वैधानिक विकास मंडळं १९९४ मध्ये झाली. त्यामागे दांडेकर समितीनं १९८४ मध्ये मोजून दाखवलेला अनुशेष होता, लोकांच्या मनातली खोल सल होती. मंडळांना वेळोवेळी मुदतवाढ मिळत गेली. ३० एप्रिल २०२० ला, टाळेबंदीच्या दिवसांत, मुदत संपली आणि वाढ मिळाली नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं ती पुन्हा स्थापन करायचं ठरवलं.

या सगळ्यात 'हवीत' आणि 'नकोत' एवढंच ऐकू आलं. प्रत्येक मंडळाचा वार्षिक अहवाल विधानसभेपुढे ठेवावा, असं घटनेतच लिहिलेलं आहे. पण सिंचनाचा अनुशेष किती भरला, कुठल्या तालुक्यात भरला, मंडळाचा सल्ला निधीवाटपात किती पाळला गेला, हे प्रश्न मुदतवाढीला बांधलेले नव्हते. त्यामुळे मुदत वाढली तेव्हाही मंडळांची परीक्षा झाली नाही, आणि संपली तेव्हाही नाही. विदर्भ-मराठवाड्यातल्या माणसावर हा अन्याय आहे असं मी मानतो. त्याचं मंडळ गेलं, आणि ते का गेलं याचं उत्तर कुणी त्याला दिलं नाही.

म्हणून मंडळं पुन्हा येतील तेव्हा मुदतीबरोबर आदेशात आणखी काही ओळी हव्यात. मुदत संपण्याच्या वर्षभर आधी विधिमंडळाची समिती बसेल. तिच्या हाताशी मंडळाचे नसलेले, स्वतंत्र अभ्यासक असतील. नागपूर, अमरावती, छत्रपती संभाजीनगर, नांदेड इथे खुल्या सुनावण्या होतील, आणि त्यांची सूचना गावोगावच्या ग्रामपंचायतीत लागेल. समितीचा अहवाल सभागृहात मांडल्याशिवाय मुदतवाढीचा किंवा बंद करण्याचा निर्णय होणार नाही. हे करायला नव्या घटनादुरुस्तीची वाट पाहावी लागत नाही. विधिमंडळानं मनावर घेतलं तर समिती नेमून हे काम सुरू होऊ शकतं.