मानशीचं दार

मांडवीच्या पात्रातली चोडण आणि दिवाडी ही गोव्याची दोन बेटं. भरती चढली की नदीचं पाणी इथल्या शेतांपेक्षा उंच असतं. मधे उभा असतो तो चिखल आणि जांभ्या दगडाचा एक बांध. त्याच्या अलीकडची ही जमीन म्हणजे खाजन. गोव्यात अशी साधारण १८ हजार हेक्टर जमीन आहे आणि ती पिढ्यान्‌पिढ्या माणसांनी राखलेली आहे.

बांधातलं हे मानशीचं, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या मोरीचं, दार नीट पाहा. लाकडी झडप, नदीच्या बाजूला उघडणारी. भरतीचं पाणी रेटलं की ती घट्ट मिटते. ओहोटी लागली की आतलं पाणी तिला ढकलून बाहेर पडतं. पंप लागत नाही.

मे महिन्यात या भेगाळलेल्या मातीवर मिठाचा पांढरा थर चढलेला असतो. पावसाच्या पहिल्या सरी तो धुतात आणि खारट पाणी दर ओहोटीला मानशीतून नदीत जातं. मग मोड आलेलं कोरगुटाचं बियाणं शेतात पडतं. हा उंच वाढणारा, खार सोसणारा भात. उतारा सुधारित वाणांपेक्षा कमी, हे खरं. पण नदीचा गाळ आणि शेतातच कुजलेला पेंढा असल्यावर खताची गोणी कशाला आणायची? कापणीनंतर खारं पाणी मुद्दाम आत घेतात. त्याबरोबर कोळंबी आणि शेवटे, कालुंदर असे मासे येतात.

पैसा कमी लागतो, माणसं मात्र सतत लागतात. खेकड्यानं बांधात बीळ पाडलं आणि ते वेळेवर बुजलं नाही, तर भरतीला तिथेच भगदाड पडतं. पूर्वी ही राखण गांवकारी, म्हणजे गावकऱ्यांची सामूहिक संस्था, करायची. तिचे रिवाज पोर्तुगीजांनी १५२६ सालीच नोंदवून ठेवले. १९६४ च्या कूळ कायद्यानं कसणाऱ्याला हक्क मिळाला, ते योग्यच झालं. पण बांध कोणाचा, हा प्रश्न तेव्हापासून सैल पडला. आता भातापेक्षा मासळीला दर जास्त. मग जाळं भरावं म्हणून दार अवेळी उघडं राहतं आणि खारं पाणी उभ्या पिकात शिरतं. शेत पडीक राहिलं की खारफुटी उगवते, आणि तिला कायद्याचं संरक्षण असल्यामुळे ते शेत पुन्हा लागवडीखाली आणणं फार अवघड होतं.

मानशीत मासळी धरण्याच्या हक्काचा लिलाव होतो. दार कधी उघडायचं, कधी मिटायचं, हे त्याच करारात लिहायला हवं. आणि त्या पैशातला पहिला वाटा पावसाआधी बांधाच्या डागडुजीला जायला हवा.