टाळेबंदीतली हवा आणि वावरातला धूर

श्रोतेहो, नमस्कार.

जालंधरहून हिमालयातील धौलाधारच्या रांगा दिसू लागल्या, ती २०२० च्या एप्रिलमधील छायाचित्रे आपल्यापैकी अनेकांनी मोबाइलवर पाहिली असतील. २५ मार्चपासून देश बंद झाला आणि उत्तर भारतावरील हवेतील सूक्ष्म कण त्या हंगामापुरते वीस वर्षांतील नीचांकाला गेल्याचे नासाच्या उपग्रहांनी टिपले. दक्षिणेकडे मात्र त्याच उपग्रहांना तशी घट दिसली नाही आणि संभाव्य कारणांमध्ये हवामान व वाऱ्यांसोबत शेतातील आगींचाही उल्लेख झाला. आपल्या विदर्भासाठी मला ही दुसरी नोंद अधिक मोलाची वाटते.

नायट्रोजन डायऑक्साइड हा वायू मुख्यतः वाहनांतून आणि औष्णिक केंद्रांतून निघतो आणि हवेत काही तासच टिकतो, म्हणून रस्ते ओस पडताच तो झपाट्याने उतरला. धूलिकणांचे तसे नाही. वीजनिर्मिती आणि कोळसा खाणी अत्यावश्यक म्हणून चालूच होत्या, त्यामुळे २,९२० मेगावॅटचे केंद्र उशाशी असलेल्या चंद्रपूरला दिल्लीचा हिशेब लागू पडत नाही.

आणि खेड्यात तर बंद होण्यासारखे होतेच काय? शेतीकामाला मुभा होती. चैत्र-वैशाखात कपाशी निघालेल्या वावरात पऱ्हाट्यांचे ढीग पेटतात, धुऱ्यावरचा काडीकचरा जळतो, आणि पूर्व विदर्भातील जंगलात मोहफुले वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालचा पालापाचोळाही पेटवला जातो. एप्रिल ते जूनसाठी उज्ज्वला योजनेतील कुटुंबांना तीन सिलिंडर मोफत देण्याची घोषणा झाली होती. पण पऱ्हाटी आणि तुराटीचे सरपण घरचेच असल्यामुळे चूल काही सुटली नाही. हवा मोजणारी यंत्रे प्रामुख्याने शहरांत आहेत, तेव्हा चुलीपुढच्या हवेची मोजणी नाकानेच करायची.

शेतकरी हौसेने जाळत नाही, हेही सांगितले पाहिजे. पऱ्हाटीवर राहिलेल्या किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून बसते, त्यामुळे पऱ्हाटी वावरातून वेळेत काढणे भागच असते, आणि काडी ओढणे हा त्यातला सर्वांत स्वस्त उपाय ठरतो. श्रेडरने बारीक करून तीच पऱ्हाटी कुजवली तर अळीचा मुक्काम मोडतो आणि जमिनीला खतही मिळते. मात्र एकट्या कास्तकाराला ते यंत्र परवडत नाही, ते गावाने मिळून, भाड्याने का होईना, आणावे लागते.