फिश टँकचं पाणी आणि आरओच्या मागचा स्क्रू

नमस्कार श्रोतेहो. स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी फिश टँकला वापरत असाल, तर टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा मीटर जवळ ठेवा. पेनाएवढं यंत्र, काही शे रुपयांत मिळतं.

पिंपरी-चिंचवडमधल्या एका गृहस्थांचा किस्सा ऐका. सोसायटीला बोअरचं पाणी, टीडीएस ६२०. टँकमध्ये डिस्कस, म्हणजे मऊ, कमी क्षारांच्या पाण्यातला मासा. आरओ घेतला, तरी नळाला मीटर लावला की आकडा १३०. मेकॅनिक आला, मशीनवर टिचकी मारून म्हणाला, "मेम्ब्रेन गेली, साहेब." मेम्ब्रेन म्हणजे आरओतला क्षार अडवणारा पडदा. नवी बसवली. १३०. महिन्याने आणखी एक बसवली. पुन्हा १३०! आता हिशोब करा. नवी मेम्ब्रेन पंचाण्णव टक्के क्षार तरी अडवते. ६२०चे पाच टक्के म्हणजे ३१. मग वरचे शंभर आले कुठून?

रविवारी त्यांचे मेहुणे आले. त्यांनी कव्हर काढलं. मेम्ब्रेनच्या नळकांड्याला एका टोकाला एक नळी असते, पाणी आत जायची. दुसऱ्या टोकाला दोन: मधली शुद्ध पाण्याची, कडेची वाया जाणाऱ्या पाण्याची. मेहुण्यांनी मधली नळी सोडवली, वाटीत पाणी धरलं, मीटर बुडवला. बावीस! मेम्ब्रेन ठणठणीत होती. पहिलीही ठणठणीतच असणार, ती गेली भंगारात. खरा उद्योग चालला होता मागच्या बाजूला, करंगळीएवढ्या टीडीएस अ‍ॅडजस्टरमध्ये. पिण्याच्या पाण्याला चव यावी म्हणून तो थोडं कच्चं पाणी परस्पर शुद्ध पाण्यात सोडतो. स्क्रू बंद केला, नळाला २४.

म्हणून सांगतो: आधी मेम्ब्रेनच्या मधल्या नळीचं पाणी मोजा, नळाचं नंतर. मिनरल कार्ट्रिजसुद्धा आकडा वाढवते. आणि रात्रभर बंद असलेल्या मशीनचं पहिलं लिटरभर पाणी मोजू नका, त्यात क्षार जास्तच उतरतात. ते टँकमध्येही नको.

   

पाणी कमी येतंय? मोजपात्र घ्या, दोन्ही नळ्यांचं पाणी एकेक मिनिट धरा. ७५ जीपीडीची, म्हणजे दिवसाला ७५ गॅलन पाणी देणारी मेम्ब्रेन मिनिटाला साधारण २०० मिली देते, थंडीत त्याहून कमी, तो बिघाड नव्हे. वाया जाणारं पाणी त्याच्या दुप्पट-तिप्पट हवं. दोन्ही धारा बारीक असतील तर सेडिमेंट फिल्टर, म्हणजे गाळ अडवणारा फिल्टर तुंबलाय किंवा पंप थकलाय. वाया जाणारं नुसतं ठिबकत असेल तर एफआर, म्हणजे त्या नळीतला धार आवरणारा फ्लो रिस्ट्रिक्टर चोंदलाय. तो लगेच बदला, नाहीतर क्षार मेम्ब्रेनवरच बसतात. आरओची टाकी भरली तरी वाया जाणारी धार थांबत नसेल तर एसव्ही, म्हणजे पाणी बंद करणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह तपासा. नगरपालिकेचं पाणी असेल तर कार्बन फिल्टर वेळेवर बदला, क्लोरीन मेम्ब्रेन खातं. वाया जाणाऱ्या पाण्याने फरशी पुसा, ते टँकमध्ये नको.

आणि २४ टीडीएसचं पाणी तसंच टँकमध्ये ओतू नका. त्यात पीएच, म्हणजे पाण्याच्या आम्लतेचं माप, सावरणारे क्षारच नसतात, मग पीएच एकदम घसरतो. मोजून कच्चं पाणी मिसळा. अ‍ॅडजस्टरवर विसंबू नका, पाण्याचा दाब बदलला की त्याचं प्रमाणही बदलतं.

ते गृहस्थ आता पाच बादल्या आरओचं आणि एक बादली बोअरचं पाणी ड्रममध्ये ढवळतात. मीटर दाखवतो १२०. मेहुणे अजून चिडवतात त्यांना.