शेंगाचटणीला सुटलेलं तेल

नमस्कार श्रोतेहो.

भाजलेले शेंगदाणे उखळात घातले की आधी नुसता कोरडा भुगा होतो. कांडत राहिलं की थोड्या वेळानं तोच भुगा ओलसर दिसायला लागतो, मुसळाला चिकटतो आणि चटणीला तेल सुटतं. वरून थेंबभरही तेल न घालता हे कसं होतं? शेंगदाण्याच्या वजनात जवळजवळ निम्मं तेलच असतं. ते दाण्याच्या पेशींमध्ये अतिशय बारीक थेंबांच्या रूपात साठवलेलं असतं आणि प्रत्येक थेंबाला प्रथिनांचं पातळ कवच असतं. मुसळाखाली ते कवच फुटतं आणि थेंब एकमेकांत मिसळतात. मिक्सरचं पातं दाणा कापतं, मुसळ तो चेचतं. म्हणूनच उखळातली चटणी जास्त तेलकट लागते.

तेल, तूप, मेण, कोलेस्टेरॉल या सगळ्यांना शास्त्रात लिपिड म्हणतात. पाण्यात न विरघळणं हा त्यांचा समान गुण. तेलाचा रेणू पाहिला तर एका ग्लिसरॉलला तीन लांब साखळ्या लावलेल्या असतात. या साखळ्या म्हणजे मेदाम्लं. तेलाची सगळी तऱ्हा या साखळ्यांवर ठरते.

तीन मेदाम्लं घेऊ. तिन्हींत कार्बनचे अणू 18च. स्टिअरिक आम्लाची साखळी सरळ असते. ते सुमारे 70 अंशांना वितळतं, म्हणजे आपल्या मे महिन्यातल्या उन्हातही घट्टच राहील. ओलेइक आम्लात एका जागी दुहेरी बंध असतो आणि तिथे साखळी वाकते. ते 13 अंशांच्या आसपासच वितळतं. लिनोलेइक आम्लात असे दोन वाक असतात. ते शून्याच्या खाली उणे 5 अंशांपर्यंत पातळ राहतं. सरळ काटक्यांची मोळी घट्ट बसते, वाकड्या काटक्यांच्या मोळीत फटी राहतात, तसंच हे.

करडईच्या साध्या तेलात सुमारे पाऊण भाग लिनोलेइक आम्ल असतं. म्हणून जानेवारीत, सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत, पहाटेच्या थंडीत खोबरेल बाटलीत गोठलेलं असतं, पण शेजारचं करडईचं तेल पाण्यासारखं ओतता येतं. खोबरेलाच्या साखळ्या आखूड असल्या तरी बहुतेक सरळच असतात. 24 अंशांच्या खाली ते थिजायला लागतं.

आता खवटपणाकडे येऊ. दोन दुहेरी बंधांच्या मधोमध जो कार्बन असतो, त्याच्यावरचा हायड्रोजन सहज निघतो. तो निघाला की त्या जागी हवेतला ऑक्सिजन चिकटतो. असा रेणू शेजारच्या साखळीचा हायड्रोजन ओढून घेतो, मग ती शेजारची साखळी पुढचीचा. एकदा सुरू झालेलं हे काम आपोआप वाढत जातं. त्यातून तयार झालेली पेरॉक्साइडं तुटली की हेक्झानलसारखे वास येणारे पदार्थ सुटतात. आपण नाक मुरडतो तो हा वास. लिनोलेइक आम्ल ओलेइकच्या दहापटीहूनही वेगानं असं बिघडतं. तापमान 10 अंशांनी वाढलं की हा वेग ढोबळमानानं दुप्पट होतो. सोलापुरात उन्हाळ्यात पारा 42-43 अंशांवर जातो. थंडीत महिनाभर टिकणारी चटणी तेव्हा आठवड्यातच का उतरते, ते यावरून कळेल.

त्यावर उपाय काय? दाणे मंद आचेवर, आतपर्यंत खमंग भाजा. भाजल्यानं तेलाला बिघडवणारी दाण्यातली विकरं निकामी होतात. भाजून झाल्यावर ते पूर्ण गार होऊ द्या. गरम दाणे कांडले तर वाफ चटणीतच अडकते. लसूण ओली घातली तर चटणी लवकर संपवा. बरणी काचेची किंवा चिनी मातीची घ्या, ती कोरडी असू द्या आणि चटणी गळ्यापर्यंत दाबून भरा, म्हणजे आत हवा कमी राहील. कल्हई उडालेलं पितळेचं भांडं अजिबात वापरू नका. तांबं किंवा लोखंड अगदी अंशमात्र असलं तरी हे बिघडणं भराभर वाढवतं.

एक चूक फार घरांत होते. जुन्या चटणीचा तळ तसाच ठेवून त्यावर नवी चटणी घालतात, किंवा तेलाच्या डब्यात जुन्यावरच नवं ओततात. त्या तळात पेरॉक्साइडं आधीच तयार असतात आणि ती ताज्या तेलालाही लागलीच बिघडवतात. डबा रिकामा करून, साबणानं धुऊन, उन्हात वाळवून मगच भरा.

भजी-पुऱ्या तळायला करडईचं साधं तेल मी सुचवणार नाही. ते कढईत लवकर बिघडतं. तळणासाठी शेंगदाणा तेल बरं, कारण त्यात ओलेइक जास्त असतं. फेस धरणारं, काळवंडलेलं तळणीचं तेल पुन्हा वापरू नये. करडई फोडणीला आणि भाकरीसोबत कच्च्या तेलाला उत्तम.

मग वाकड्या साखळ्या नकोच, असं कुणी म्हणेल. पण त्यांच्याशिवाय आपण जगू शकत नाही. प्रत्येक पेशीभोवती फॉस्फोलिपिडांचा, म्हणजे अशाच साखळ्या असलेल्या लिपिडांचा, दुहेरी थर असतो. त्याची जाडी साधारण 5 नॅनोमीटर, वहीच्या पानाच्या सुमारे वीस हजारांश. तो लवचिक राहतो तो या वाकांमुळेच. रक्तातली तांबडी पेशी स्वतःपेक्षा बारीक केशवाहिनीतून दुमडून जाते, त्यालाही हा लवचिकपणा लागतो. लिनोलेइक आम्ल आणि जवसातलं अल्फा-लिनोलेनिक आम्ल आपलं शरीर बनवू शकत नाही, ती खाण्यातूनच मिळावी लागतात. 1929 साली जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या अमेरिकी संशोधक दांपत्यानं उंदरांना चरबी पूर्ण वर्ज्य करून दाखवलं, तेव्हा उंदरांची त्वचा खवल्यांसारखी झाली आणि वाढ खुंटली.

पचनाचंही थोडक्यात सांगते. पित्तरस तेलाचे मोठे थेंब बारीक करतो, स्वादुपिंडातलं लायपेज दोन टोकांच्या साखळ्या कापतं. आतड्याच्या पेशी त्या पुन्हा जोडतात आणि प्रथिनांच्या वेष्टणात घालून आधी लसिकावाहिन्यांत आणि मग रक्तात सोडतात. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वं याच वाटेनं शोषली जातात, म्हणून गाजर-पालकाच्या भाजीला तेलाची फोडणी हवीच. मात्र मोजून. एका ग्रॅम तेलातून 9 किलोकॅलरी मिळतात, पिष्टमय पदार्थाच्या ग्रॅममधून 4.

जवसाची चटणी करत असाल तर एवढं लक्षात ठेवा. तिच्यातल्या अल्फा-लिनोलेनिक आम्लात तीन दुहेरी बंध असतात, त्यामुळे ती शेंगाचटणीहूनही लवकर उतरते. जवस अख्खं ठेवा, आठ दिवसांपुरतंच भाजून कुटा आणि उन्हाळ्यात बरणी फ्रिजमध्ये ठेवा. नमस्कार.