एमा डार्विनची भीती

नवरा-बायकोत एकाची देवावर श्रद्धा आणि दुसऱ्याची नाही, अशा घरातलं भांडण देव आहे की नाही यावरून होतं, असं आपण धरून चालतो. मला ते पटत नाही. चार्ल्स आणि एमा डार्विन यांचा संसार पाहा, म्हणजे माझं म्हणणं लक्षात येईल.

लग्नाआधी चार्ल्सला वडिलांनी बजावलं होतं की धर्माबद्दलच्या शंका बायकोला कळू देऊ नकोस. वडील डॉक्टर होते. नवरा आजारी पडला की त्याच्या आत्म्याचं काय होणार या काळजीनं झुरणाऱ्या बायका त्यांनी पाहिल्या होत्या. चार्ल्सनं ऐकलं नाही, एमाला सगळं सांगून टाकलं. १८३९च्या जानेवारीत लग्न झालं आणि थोड्याच दिवसांत एमानं त्याला पत्र लिहिलं. एकाच घरात राहणाऱ्या नवऱ्याला पत्र! प्रामाणिक शंका घेणं पाप नाही, हे तिनं त्यात मान्य केलं. पण आपण दोघं कायमचे एकमेकांचे नाही असं वाटलं, तर मला फार दुःख होईल, असंही लिहिलं.

इथे थांबा जरा. नवरा मेल्यावर आपल्याला परत भेटणार का, एवढंच ती विचारते आहे. पुरावे, ग्रंथ, तर्क, यातलं काहीच तिला नको आहे. श्रद्धा नसलेला जोडीदार नेमका इथेच चुकतो. समोरून येते भीती आणि तो उत्तर देतो युक्तिवादानं. चार्ल्सनं ते पत्र जन्मभर जपलं. 'मी गेल्यावर तुला कळू दे, या पत्राची मी कितीदा चुंबनं घेतली आणि त्यावर रडलो,' अशा अर्थाच्या ओळी त्यानं त्यावर लिहून ठेवल्या.

मुद्दा मात्र सुटला नाही. १८५१मध्ये त्यांची दहा वर्षांची ॲनी गेली, तरीही नाही. रविवारी एमा मुलांना घेऊन चर्चमध्ये जाई, चार्ल्स बाहेर फिरत राही. तरी १८४४मध्ये, आपण अचानक मेलो तर उत्क्रांतीवरचा निबंध छापून घेण्याचं काम त्यानं तिच्यावरच सोपवलं होतं, त्यासाठी ४०० पौंड बाजूला काढायला सांगून. याहून मोठा विश्वास मला माहीत नाही.

१८८२मध्ये चार्ल्स वारला. त्याच्या आत्मचरित्रात एक जळजळीत उतारा होता: श्रद्धा नसलेल्यांना, म्हणजे आपल्या वडिलांना, भावाला आणि जवळजवळ सगळ्या जिवलग मित्रांना कायमची शिक्षा देणारी शिकवण घृणास्पद आहे. हा उतारा छापू नये असं एमाला वाटलं. १८८७च्या आवृत्तीत तो गाळला गेला, १९५८मध्ये नातीनं परत घातला. गाळायला नको होता, असं माझं मत आहे. पण त्यासोबत एमानं काय लिहून ठेवलं तेही वाचायला हवं: अविश्वासाला कायमची शिक्षा या शिकवणीविरुद्ध कितीही कठोर बोललं तरी ते कमीच, पण आता त्या शिकवणीला ख्रिस्ती धर्म म्हणणारे फार थोडे उरले आहेत.