धागा तुटला की माग थांबला पाहिजे

इचलकरंजीत टोयोटावर बोलायचंय म्हटल्यावर मला विशेष आनंद झाला. दुसऱ्या कुठल्याही गावात या कंपनीची गोष्ट सांगायची म्हणजे आधी माग कसा चालतो, आडवा धागा इकडून तिकडं नेणारा धोटा म्हणजे काय, त्या धोट्यातली सुताची कांडी म्हणजे काय, हे समजावून सांगावं लागतं. इथं त्याची गरज नाही. या सभागृहाच्या खिडक्या उघडल्या तर खटखट आत येईल.

माझे वडील साध्या मागावर होते. एका माणसाकडं चार माग. कांडीतलं सूत संपलं की माग थांबायचा, तेवढी सोय होती. पण ताण्याचा, म्हणजे उभा, एखादा धागा तुटला तर माग थांबत नसे. वडील दुसऱ्या मागाशी असले की इकडं कापड पुढं सरकतच राहायचं, आणि लक्षात येईतो हातभर रेघ पडलेली असायची. घडीच्या टेबलावर ती रेघ सापडली की मजुरीतून कपात. म्हणून वडील आठ तास धाग्यांकडं डोळे लावून उभे असत. यंत्र चालवायला नव्हे हो, यंत्रावर पहारा द्यायला. ही गोष्ट ध्यानात ठेवा, कारण टोयोटाचा सगळा इतिहास मला या पहाऱ्याभोवतीच फिरताना दिसतो.

1867 साली जपानच्या आजच्या शिझुओका प्रांतात एका सुताराच्या घरी साकिची टोयोडा जन्मला. शिक्षण बेताचंच. आईला हातमागावर राबताना तो बघत होता, आणि हे कष्ट कमी कसे होतील याचा त्याला ध्यास लागला. 1891 मध्ये त्यानं सुधारलेल्या लाकडी हातमागाचं पेटंट घेतलं. पाच-सहा वर्षांत वाफेवर चालणारा माग केला, आणि त्या मागात आडवा धागा तुटला की माग बंद पडेल अशी योजना ठेवली. पुढं 1924 मध्ये, मुलगा किइचिरोच्या मदतीनं, त्यानं ‘जी’ प्रकारचा स्वयंचलित माग पुरा केला. यात दोन गोष्टी होत्या. कांडी संपत आली की माग न थांबता धोटा आपोआप बदलायचा. आणि उभा धागा तुटला की माग आपोआप थांबायचा. जिथं थांबायची गरज नाही तिथं थांबायचं नाही, आणि जिथं चूक झाली तिथं एक क्षणही पुढं जायचं नाही. एक कामगार डझनावारी माग सांभाळू लागला, कारण आता पहारा मागच देत होता.

जपानीत ‘जिदोका’ असा शब्द आहे. साध्या जिदोकाचा अर्थ स्वयंचलन. पण टोयोटावाले तो लिहिताना मधल्या अक्षराला ‘माणूस’ या अर्थाची खूण जोडतात. म्हणजे यंत्र नुसतं आपोआप चालायचं नाही, त्याला माणसासारखी समज पाहिजे. आपलं काहीतरी बिघडलंय हे त्याला कळलं पाहिजे.

1929 मध्ये इंग्लंडमधल्या ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्स कंपनीनं या मागाचे हक्क घेतले. करार 1 लाख पौंडांचा. ज्या लँकेशायरनं जगाला यंत्रमाग दिला, तिथली बडी कंपनी जपानी सुताराच्या पोराकडून माग विकत घेते, ही त्या काळात केवढी गोष्ट असेल! या पैशावर मोटारी तयार झाल्या असं नेहमी सांगितलं जातं. तितकं ते सरळ नव्हतं. मोटारीचा भार बराच काळ मागाच्या कारखान्यानंच उचलला.

साकिची 1930 मध्ये गेले. किइचिरो टोकियो विद्यापीठातला यंत्र अभियंता. 1933 मध्ये त्यानं कारिया इथल्या माग कारखान्यातच मोटार विभाग सुरू केला. अमेरिकन शेव्हरोले आणली, खोलली, एकेक भाग मापून घेतला. ओतकाम मागाच्या कारागिरांना येत होतं, पण इंजिनाचा ब्लॉक ओतणं म्हणजे वेगळंच काम. शेकड्यानं ब्लॉक मोडीत गेले. 1935 मध्ये जी-वन नावाचा ट्रक विक्रीला आला, आणि आज ज्या कंपनीचं नाव भरवशासाठी घेतलं जातं तिचा हा पहिला ट्रक वाटेत वारंवार बंद पडत होता. पहिली गिऱ्हाइकं सांभाळायची म्हणून कंपनीची माणसं दुरुस्तीला धावायची, मोडलेला भाग कारखान्यात आणून का मोडला ते बघायची. मला या कंपनीच्या इतिहासातला हा भाग सगळ्यात मोलाचा वाटतो. भरवसा त्यांच्या रक्तात वगैरे काही नव्हता. रस्त्यात बंद पडलेल्या ट्रकाखाली पाठीवर झोपून तो त्यांनी एकेका बोल्टानं मिळवला.

नावाचं थोडक्यात सांगतो. घराण्याचं आडनाव टोयोडा. 1936 मध्ये बोधचिन्हाची स्पर्धा घेतली, त्यातून ‘टोयोटा’ पुढं आलं. जपानी काताकाना लिपीत ते 8 फटकाऱ्यांत लिहिता येतं, आणि 8 हा तिकडं शुभ आकडा. 28 ऑगस्ट 1937 रोजी टोयोटा मोटर ही स्वतंत्र कंपनी झाली. ही तारीख लक्षात असू द्या, मी परत तिच्याकडं येणार आहे.

युद्ध झालं, जपान उद्ध्वस्त झाला. 1950 मध्ये कंपनी बुडण्याच्या बेताला आली. कामगारकपात झाली, मोठा संप झाला, आणि किइचिरोनं जबाबदारी घेऊन राजीनामा दिला. दोन वर्षांत तो वारला. लोक ज्याला टोयोटाचं यश म्हणतात ते त्यानं पाहिलंच नाही. त्याच्या जागी अध्यक्ष आले तेही माग कारखान्यातूनच, ताइझो इशिदा. आणि तेवढ्यात कोरियात युद्ध पेटलं, अमेरिकन सैन्याची ट्रकांची मागणी आली, कंपनी तगली.

आता ज्या माणसासाठी मी हे व्याख्यान द्यायला उभा राहिलो त्याच्याकडं येतो. ताइइची ओनो. 1932 मध्ये टोयोडांच्या सूतगिरणीत लागला आणि 1943 मध्ये मोटार कारखान्यात आला. तिथं पाहतो तर एका लेथला एक माणूस. लेथ आपला कापतोय आणि माणूस उभा राहून बघतोय. गिरणीतून आलेल्या माणसाला हे खटकणारच. तिकडं एक बाई डझनभर यंत्रं बघते, इथं एकाला एक? त्यानं यंत्रं जवळजवळ मांडली, बिघाड झाला की यंत्र आपोआप थांबेल अशी सोय केली आणि एका माणसाकडं अनेक यंत्रं दिली. जुने कारागीर चिडले. पण ओनो हटला नाही.

मग त्यानं तेच माणसांच्या बाबतीत केलं. जुळणीच्या पट्ट्यावर प्रत्येक कामगाराच्या डोक्यावरून एक दोरी गेलेली असते. बोल्ट नीट बसत नाही, भाग वाकडा आलाय, काहीही खटकलं की ओढायची. वर दिवा लागतो, त्याला ‘अँडॉन’ म्हणतात. मुकादम धावत येतो. ठरलेल्या वेळात प्रश्न सुटला नाही तर पट्टाच थांबतो. तुम्ही मागधारक आहात, तुम्हाला सांगायला नको की चालू यंत्र थांबवणं मालकाच्या छातीत किती दुखतं. त्या काळात इतर मोटार कारखान्यांत पट्टा थांबवणं हा गुन्हा समजत. बिघडलेली गाडी पुढं ढकला, शेवटी दुरुस्ती विभाग बघेल. ओनोनं सर्वात खालच्या कामगाराला अख्खा कारखाना थांबवायचा हक्क दिला.

आणि थांबल्यावर काय करायचं? पाच वेळा ‘का’ विचारायचं. ओनोचं स्वतःचं उदाहरण आहे. यंत्र बंद पडलं. का? फ्यूज उडाला. का? बेअरिंग कोरडं होतं, भार वाढला. का कोरडं? पंपातून पुरेसं तेल येत नव्हतं. का? पंपाचा दांडा झिजला होता. का झिजला? गाळणी नव्हती, धातूचा कीस आत जात होता. आता बघा, पहिल्याच उत्तरावर थांबलो असतो तर फ्यूज बदलला असता आणि महिन्याभरानं परत तेच. पाचव्या उत्तरावर गाळणी बसली.

1957 मध्ये त्यांची क्राउन अमेरिकेत गेली आणि तिथल्या महामार्गांच्या वेगापुढं सपशेल हरली. इंजिन तोकडं पडलं, गाडी थरथरायची. 1960 अखेर निर्यात थांबवली. लपवाछपवी केली नाही. परत घरी आले, काम केलं, आणि कोरोना नावाची गाडी घेऊन पुन्हा गेले. 1966 मध्ये कोरोला आली. 2021 पर्यंत त्या नावाच्या 5 कोटी गाड्या विकल्या गेल्या. मधल्या काळातल्या लँड क्रूझर, हायलक्स, लेक्सस, 1997 ची प्रियस यांवर एकेक व्याख्यान होईल, ते आज नको.

आपल्याकडं टोयोटा आली ती किर्लोस्करांचा हात धरून. इथून जवळच असलेल्या किर्लोस्करवाडीत 1910 साली लक्ष्मणरावांनी नांगरांचा कारखाना उभारला. त्याच घराण्यातले विक्रम किर्लोस्कर यांनी टोयोटाशी आधी भागीदारी केली ती कापडधंद्याच्या यंत्रांची, सूतकताईच्या यंत्रांची. मोटारीची कंपनी 1997 मध्ये, बंगळूरजवळ बिदडीला. 2000 साली क्वालिस आली. दिसायला ती टपच होती, मान्य. पण आत काय होतं? 2.4 लिटरचं डिझेल इंजिन, टर्बो नाही, ताकद फक्त 75 अश्वशक्ती. शिडीसारखी मजबूत चौकट, मागं स्प्रिंगचे पाटे. नवं असं काहीच नाही. हीच तर मेख आहे. मोठ्या इंजिनाकडून थोडकं काम घेतलं की ते वर्षानुवर्षं टिकतं. जगभर झिजून-झिजून सिद्ध झालेला भाग घ्यायचा, आणि जो नवा भाग अजून तपासला गेला नाही तो गिऱ्हाइकाच्या गाडीत घालायचा नाही. माझ्या एका विद्यार्थ्याचा प्रवासी गाड्यांचा धंदा आहे. तो म्हणाला, ‘सर, पंढरपूर-तुळजापूर-गाणगापूर करून गाडी रात्री दोनला येते आणि पहाटे पाचला पुण्याला निघते. हिच्यात काही करावंच लागत नाही, तेल बदलायचं तेवढं वेळेवर.’ 2005 मध्ये चांगली विकली जात असतानाच कंपनीनं क्वालिस बंद करून इनोव्हा आणली.

आता त्या तारखेकडं येतो. 28 ऑगस्ट 2009. कंपनी स्थापन झाली त्याच तारखेला, कॅलिफोर्नियात एका लेक्ससचा वेग कमी होईना, आणि एका कुटुंबातली चार माणसं गेली. पायाखालची रबरी चटई दुसऱ्याच मॉडेलची होती, त्यात अॅक्सिलरेटरचं पेडल अडकलं होतं. मग काही गाड्यांची पेडलंच चिकटतात हे बाहेर आलं. लाखो गाड्या परत बोलावल्या. जानेवारी 2010 मध्ये अमेरिकेत 8 मॉडेलांची विक्री थांबली. फेब्रुवारीत साकिचींचे पणतू अकिओ टोयोडा अमेरिकन काँग्रेससमोर बसले आणि आपण फार वेगानं वाढलो असावं अशी कबुली दिली. एकच वर्ष आधी कंपनी जगातली सर्वात मोठी मोटार कंपनी झाली होती. नासाच्या तपासात इलेक्ट्रॉनिक दोष सापडला नाही, हे खरं. पण 2014 मध्ये ग्राहकांची दिशाभूल केल्याबद्दल कंपनीनं 120 कोटी डॉलर भरायचं मान्य केलं, हेही खरं. चटई अडकली हा अपघात म्हणता येईल. दोष ठाऊक असताना पुरतं न सांगणं याला मी अपघात म्हणणार नाही. दोरी हातात होती, कुणी ओढली नाही.

टोयोटाच्या चाहत्यांना हे ऐकायला आवडत नाही. मलाही सांगताना जड जातं, कारण मी तीस वर्षं मुलांना ओनो शिकवला. पण डिसेंबर 2023 मध्ये त्यांच्याच डायहात्सू कंपनीत सुरक्षा चाचण्यांतले गैरप्रकार 64 मॉडेलांपर्यंत पोचल्याचं जाहीर झालं, आणि महिन्याभरात आणखी एक बातमी आली. डिझेल इंजिनांच्या ताकदीच्या प्रमाणन चाचणीत आकडे नीट दिसावेत म्हणून फेरफार केला होता. भारतातही इनोव्हा क्रिस्टा, फॉर्च्युनर आणि हायलक्स पाठवणं काही दिवस थांबलं. ती इंजिनं करणारी कंपनी टोयोटा इंडस्ट्रीज. 1926 साली कारियात साकिचींचे माग बनवायला काढलेली, आणि ज्यांच्याकडं एअरजेट, म्हणजे हवेच्या झोतानं आडवा धागा नेणारे माग, आहेत त्यांना ठाऊक आहे, आजही माग बनवणारी तीच कंपनी.