कपाटाला टिचकी

नमस्कार मंडळी. आज तुमच्याशी कपाटाबद्दल बोलायचंय, लोखंडी कपाट, ज्याला आपण सगळे सरसकट गोदरेज म्हणतो मग ते कुणी का बनवलेलं असेना. आमच्या बाबांना याचा जाम राग यायचा. म्हणायचे, अरे गोदरेज विक्रोळीला बनतं, हे मी बनवलंय.

बाबा साकीनाक्याला खैरानी रोडवरच्या एका कारखान्यात डेंटिंगला होते, 27 वर्षं. आता डेंटिंग म्हणजे काय, तर आठ बाय चारचा पत्रा येतो, तेल फासलेला, तो कापतात, वाकवतात, स्पॉट वेल्डिंग मारतात, आणि त्या उष्णतेने पत्रा ओढला जाऊन दाराला मध्येच पोट येतं. बोटाने दाबलं की टक करून आत, सोडलं की टक करून बाहेर. ते पोट घालवायचं. मागून एका हाताने डॉली लावायची, म्हणजे लोखंडाचा गुळगुळीत ठोकळा, आणि पुढून हातोडीने बारीक बारीक ठोकत जायचं, जोरात मारलं तर पत्रा अजून ताणतो आणि पोट वाढतं. मग लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची, काचकागद मारायचा, रंग, भट्टी, हे पुढच्या लोकांचं.

दिवसभर हे ठोकणं कानाशी, त्यामुळे बाबांना चाळिशीतच ऐकू कमी यायला लागलं. आमचं अख्खं घर ओरडून बोलायचं. असल्फ्याच्या चाळीत नवीन भाडेकरू आले की पहिला महिनाभर त्यांना वाटायचं यांच्याकडे रोज भांडणं होतात. रेडिओ तर असा लागायचा की खालच्या मजल्यावर वेगळा लावायची गरज नव्हती!

पण बोटांना सगळं कळायचं. कुणाच्याही घरी गेले की आधी कपाटाला टिचकी. "बावीस गेज. फसवलं तुम्हाला, वीसचा पत्रा पाहिजे." गेज म्हणजे पत्र्याची जाडी, आकडा जितका मोठा तितका पत्रा पातळ. ताईचं स्थळ बघायला गेलो तर तिथेही उठले आणि कपाटाला टिचकी मारून दार हलवून बघायला लागले, मुलाच्या वडिलांना वाटलं आत काय आहे ते बघायचंय, त्यांनी बिचाऱ्यांनी किल्ली आणून दिली. आई लाजून अर्धी झाली.

पत्र्याचं हे वेड आजोबांपासूनचं. ते 1951 साली विक्रोळीला गोदरेजमध्ये होते, तेव्हा पहिल्या निवडणुकीच्या मतपेट्या तिथे बनत होत्या, 12 लाखांच्या वर. मत द्यायला गेले तर मत राहिलं बाजूला, खाली वाकून पेटीची कडी आपल्याकडचीच का ते बघत बसले, शेवटी तिथल्या माणसाने पुढे ढकललं.

एक मात्र बाबा स्वतःहून कधी सांगत नाहीत. एकदा प्रेस मशीनवरचा माणूस आला नव्हता म्हणून यांना तिथे बसवलं, पायाच्या पॅडलवरची मशीन, पुढची जाळी काढून ठेवलेली कारण जाळी लावली की माल कमी निघतो. डाव्या हाताची तर्जनी दोन पेरं गेली. जाळी दुसऱ्या दिवशी बसली, महिन्याभरात परत निघाली, हे आईने डोळ्यांनी बघितलंय कारण तोवर तिला तिथेच पॅकिंगला घेतलं होतं. सुतळी, गवत, गोणपाट. आई म्हणते तिथे घेतलं ते माझं काम बघून नाही, यांचं बोट बघून.

गंमत म्हणजे इतकी वर्षं दोघं कपाटं बनवत होते आणि आमचे कपडे पत्र्याच्या ट्रंकेत. शेवटी एक रिजेक्ट पीस मिळाला, पगारातून दरमहा 50 रुपये कापून. साडेसहा फुटी, हिरवं, हातगाडीवरून आणलं, चाळीत अर्धा तास जिन्यात अडकलं होतं. डाव्या दाराला पोट. सगळे म्हणाले तुम्हीच काढा की, तुमचंच काम. बाबांनी हात लावला नाही. घरी ठोकाठोकी नको म्हणाले.

कपाट अजून आहे. परवा माझ्या मुलाने दारावर टिचकी मारून विचारलं, आजोबा, किती गेज? ऐकू नाही गेलं. परत विचारलं, मग अजून जोरात, इतक्या जोरात की शेजारच्या काकू कणकेच्या हाताने दारात, काय झालं म्हणून. बाबा म्हणाले, बावीस, आणि ओरडतोस कशाला?